सहावा पेला

अण्णा, गेल्या आठवड्यात तुमचा पेला फळीवरून खाली काढला. सहा-सात वर्षं त्याला कुणाचा हात लागला नव्हता. वर धुळीचा थर, त्याखाली ग्रीसचा थर, आणि हे सगळं डिझेलच्या बोळ्याने पुसून काढल्यावर खाली तीच ठिपक्याठिपक्यांची अक्षरं: 'मामाकडून सप्रेम भेट'. बुडाला तुम्ही पाडलेलं भोक, भोकात बसवलेला सायकलच्या ट्यूबचा वॉल्व्ह, त्याच्याभोवती तुम्ही लावलेला काळा डिंक अजून दगडासारखा घट्ट. मी तो उजेडात धरून फिरवला आणि बाकावर तीन गिऱ्हाइकं बसलेली असताना मला रडू आलं. एकाने विचारलं, "ताई, डोळ्यात काय गेलं का?" मी म्हणाले, "हो, गंज." स्टीलच्या पेल्याचा गंज! पण त्याने मुकाट्याने मान डोलावली. बाई गॅरेज चालवते म्हटल्यावर लोक तिच्या कुठल्याही बोलण्याला मान डोलावतात, हे तुम्ही असतानाच माझ्या लक्षात आलं होतं.

तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं होतील. इतक्या वर्षांत तुमच्याशी बोलले ते मनातल्या मनात, बहुतेक वेळा एखादा नट सुटेना तेव्हा, आणि ते बोलणं काही लिहून ठेवण्यासारखं नसायचं. आज लिहायला बसले कारण दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक मोठी आहे, सुरगाण्याकडच्या एका जीपची. दुसरी लहान आहे, तुमची नि माझी. ती शेवटी सांगेन, तोवर धीर टिकला तर.

आधी पेल्याचं. तो दिवस मला अगदी कालच्यासारखा दिसतो. आई ओट्याशी उभी आहे, पाहुणे बाहेर बसलेत, आणि ती ट्रेमध्ये पाणी मांडताना थबकते. तिच्या लग्नात तिच्या मामाने दिलेले सहा पेले, प्रत्येकावर नाव घातलेलं, त्यातले पाचच. ती फडताळ उपसते, मोलकरणीवर संशय घेते, शेजारणीवर घेते, माझ्यावर घेते. तुम्ही मागच्या दारात दाढी करत बसलेले, एक गाल पांढरा, आणि तुमचं लक्ष आरशात जरा जास्तच. मी गॅरेजमध्ये डबा द्यायला जाते आणि पाहते तर पेला एका गाडीच्या रबरी पाइपात तोंड खुपसून बसलाय, वर पत्र्याची क्लिप आवळलेली, आणि तुम्ही पायाच्या पंपाने त्यात हवा भरताय. मी ते घरी जाऊन सांगितलं. आई कमरेला पदर खोचून गॅरेजात आली. "माझ्या मामाने दिलेला पेला हो! लोकांच्या गाड्यांना पाणी पाजता का त्याने?" तुम्ही म्हणालात, "पानी नाय, हवा पाजतो. बाजारात या मापाचं दुसरं काय भेटंना. तुझ्या मामाचं माप लय बरोबर निघालं बघ." आई हसली नाही. पण पुढे कोणी घरी आलं आणि पाणी कमी पडलं की ती ऐटीत सांगायची, "आमचा सहावा पेला गॅरेजात नोकरीला आहे."

त्या वेळी टर्बोच्या गाड्या नव्या नव्या येऊ लागल्या होत्या. इंजिनाला नाकाने श्वास घेऊन पुरत नाही म्हणून टर्बो त्याच्या छातीत हवा कोंबतो, असं तुम्ही गिऱ्हाइकाला समजावून सांगायचात. ती हवा पाइपातून जाताना वाटेत कुठे निसटली की गाडी काळा धूर सोडते आणि चढावर बसकण मारते. लोक म्हणायचे टर्बो गेला. तुम्ही म्हणायचात, टर्बो बिचारा भरतोय, घागरच फुटकी हे. मग फिल्टरकडचा पाइप काढायचा, त्यात पेला बसवायचा, इंजिन बंद ठेवूनच पंपाने बेताची हवा भरायची, आणि तुमच्या दाढीच्या ब्रशने साबणाचा फेस सांध्यासांध्याला लावत जायचं. जिथे बुडबुडे उठले तिथे चोर. ब्रश सकाळी तुमच्या गालावर आणि दुपारी गाडीच्या पाइपावर! आईला हे शेवटपर्यंत कळलं नाही, म्हणून ते तुमच्या वतीने मी आज इथे कबूल करून टाकते.

आणि बारीक नळ्या, ज्यात हवा बाहेर न जाता आत ओढली जाते, तिथे फेसाचा उपयोग नाही. तिथे तुमची उदबत्ती. डिझेल गाडी सुरू ठेवून तुम्ही उदबत्ती नळीच्या कडेकडेने फिरवायचात, आणि सरळ वर जाणारा धूर जिथे वाकून नळीत शिरायचा तिथे खडूने खूण करायचात. एकदा त्र्यंबककडचे एक आजोबा टोपी काढून, हात जोडून उभेच राहिले. त्यांना वाटलं तुम्ही गाडीची पूजा करताय. तुम्ही त्यांना काही सांगितलं नाहीत, उलट जाताना चिमूटभर साखर हातावर ठेवलीत. मात्र पेट्रोल गाडीला उदबत्ती दाखवायची नाही, हे तुम्ही मला इतक्या वेळा बजावलंत की देवापुढे उदबत्ती लावतानाही मी आधी वास घेऊन पाहते.

पण मला खरी थक्क करणारी गोष्ट वेगळीच होती. जिथे ब्रश पोचत नाही, जिथे डोळा पोचत नाही, इंजिनामागच्या त्या अंधाऱ्या सापटीत, तिथे तुम्ही डोकं घालायचात. "पंखा बंद करा," म्हणायचात. एप्रिलच्या दुपारी पंखा बंद, गिऱ्हाईक घामाने थबथबलेलं, कुणी शिंकायचं नाही की चालायचं नाही. तुम्ही डोळे मिटून गाल पाइपाच्या जवळ नेताय, मग मनगटाची आतली बाजू, सावकाश, तान्ह्या बाळाचा ताप बघावा तशी. आणि मग बोट ठेवताय. "इथं." सगळे म्हणायचे, अण्णांचा कान काय तयार आहे! मला घरचं माहीत होतं. सातपूरच्या कारखान्यात, पत्रा ठोकणाऱ्या मशिनींच्या प्रेसशॉपमध्ये वीस वर्षं काढल्यावर तुमचा डावा कान पुरता गेला होता आणि उजवा निम्मा. तुम्ही ऐकत नव्हताच. हवा तुमच्या गालाला लागत होती. म्हणून रोज दाढी, सणवार असो की नसो. "खुंट वाढले का गालाला कळत नाय," एवढंच तुम्ही एकदा बोलला होतात. ज्या माणसाला कुकरची शिट्टी ऐकू येत नव्हती, तो केसाएवढ्या फटीतून निघणारी फुंकर ओळखायचा. आज मीही हेच काम करते म्हणून सांगते अण्णा, हे सोपं नाही. मी चाळीस वेळा मनगट फिरवते तेव्हा एकदा काहीतरी वाटतं, आणि तेही बहुधा माझ्याच श्वासाचं असतं.

प्रेसशॉपची आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. तुमच्या बरोबरीचे एक काका मागल्या वर्षी गाडी घेऊन आले होते. बोलता बोलता म्हणाले, "तिथं मशिनी धडधडायच्या, ऐकू कुनाला येतंय? आम्ही सगळे ओठांवर बोलायचो. पार त्या टोकाच्या माणसाशी. तुझा बाप तर लय वस्ताद होता, त्याच्यापुढं ओठातल्या ओठात शिवी दिलेली चालायची नाय." मी हसले. चहा दिला. ते गेल्यावर मी स्टुलावर बसून राहिले आणि बराच वेळ मला कामाला हात घालता आला नाही. का, ते सांगते.

तुम्हाला येवल्याचे ते साडीवाले आठवतात का? पांढरी गाडी होती, चढावर दम टाकायची. माझा डिप्लोमा नुकताच झालेला, गॅरेजात मी हट्टाने गाडीचा दोष सांगणारा नवा स्कॅनर आणलेला. मी स्कॅनर लावला आणि ठणकावून सांगितलं, टर्बो गेलाय, बदलावा लागेल. तुम्ही तेव्हाच मला झापलंत, अगदी त्यांच्यासमोर. "यंत्र म्हनलं म्हनून? ताप बघायच्या आधी सुई टोचनारा डाक्तर आन् तू, सारखेच." माझे कान गरम झाले. तुम्ही पेला लावलात, हवा भरलीत, फेस फिरवलात. बुडबुडा एकही नाही. पंखा बंद करून तुम्ही खाली वाकलात, गाल नेलात, मनगट नेलंत, मग टर्बोची हवा गार करणाऱ्या इंटरकूलरच्या पाइपाच्या खालच्या घडीत बोट दाबून म्हणालात, "इथं. रबर मऊ पडलंय. गरम झाल्यावर, वझं आल्यावर उघडतंय." मी तिथे पुन्हा फेस लावला. काही नाही. आणि मघाचा राग मनात होताच. मी मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, तुम्हालाही ऐकू जाईल असं म्हणाले, "अण्णा, तुम्हाला ऐकू येत नाही. उगीच अंदाजाने बोटं ठेवू नका."

साडीवाले भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागले. तुम्ही चिंधीला हात पुसलेत, एकेक बोट वेगळं करून, आणि बाहेर जाऊन बाकावर बसलात. शेवटी मी टर्बोला हात लावला नाही, तेवढी अक्कल होती. क्लिपा आवळल्या आणि गाडी देऊन टाकली. पण त्या दिवसापासून गिऱ्हाइकासमोर तुम्ही कधी कुठल्या इंजिनाला गाल लावला नाहीत. लोक विचारायचे तर म्हणायचात, "आता पोरगी बघती." मला तेव्हा तो माझा मान वाटला. किती मूर्ख असावं माणसाने!

आता जीपची गोष्ट. सुरगाण्याच्याही पलीकडच्या एका पाड्यावरचा माणूस, पस्तिशीचा असेल, शर्टाची बटणं वरपर्यंत लावलेला. जीप माणसांची ने-आण करणारी. तीन गॅरेजं झाली होती, एका ठिकाणी टर्बोही नवा बसवून झाला होता. तो म्हणाला, "सपाटीला घोड्यावानी पळं. घाट लागला का काळा धूर सोडं न् बसं." मग खाली बघत, "गेल्या महिन्यात एक बाई बाळतपनाला नेत होतो. घाटात जीप बसली. रस्त्यावरच मोकळी झाली ती. पोर वाचलं, बाई पन वाचली, नशीब. आता माझ्या भावजयीचे दिवस भरत आलं. पाड्यावर दुसरी गाडी नाय ताई. तुमी सांगा, भरवसा ठेवू का नको?"

अण्णा, असा प्रश्न मला याआधी कुणी विचारला नव्हता. लोक विचारतात, किती वेळ लागेल. मी त्याला म्हटलं, बसा, बघते. स्कॅनर लावला. धुराचं मशीन लावलं, आता उदबत्तीच्या जागी ते असतं, सगळ्या नळ्यांत धूर भरून बघता येतो. धूर कुठूनही बाहेर आला नाही. विकतचा तयार तपासणीचा सेट लावून हवा भरली. काटा जितका उतरायला हवा तितकाच सावकाश उतरला. थोडी हवा इंजिनातून जातेच, तिच्या आवाजामागे जायचं नाही, हे तुमचंच. फेस लावला. काहीच नाही. सगळं ठणठणीत, आणि जीप घाट चढत नाही. दुपार झाली. तो माणूस डबा न उघडता बसून होता. मला त्याच्याकडे बघवेना. एकदा तोंडावर आलंही, की मला सापडत नाही, तुम्ही दुसरीकडे दाखवा. त्याच वेळी वर फळीकडे नजर गेली.

विकतचा सेट हाताशी असताना मी पेला खाली काढला. मी तो पुसला, पाइपात बसवला, क्लिप आवळली. पायाचा पंप काढला. आणि म्हणाले, "पंखा बंद करा." बाकावरच्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. गॅरेज गप्प झालं. मी डोळे मिटून मनगट खाली सरकवलं. काही नाही. गाल नेला. गरम रबराचा आणि तेलाचा वास, बाकी काही नाही. मग मी ती गोष्ट केली जी तुम्ही येवल्याच्या गाडीला केली होती. हवा शोधायची सोडून दिली आणि नुसतं बोट फिरवलं, पाइपाच्या खालच्या बाजूने, घडीघडीतून. दुसऱ्या घडीत बोट किंचित आत गेलं. पिकल्या चिकूला दाबावं तेवढंच. रबर मऊ पडलं होतं.

आणि मला तुमचा आवाज आठवला, गरम झाल्यावर, वझं आल्यावर. उभ्या गाडीला वझं कुठून आणायचं? मी जॅक घेतला, त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवला, आणि इंजिन एका अंगाने अलगद उचललं, घाटात जोर लागल्यावर ते जसं कलतं तसं. जीपवाल्याला म्हटलं, तुम्ही पंप मारा. तो मारत राहिला. मी मनगट त्या घडीखाली धरलं.

अण्णा, लागली. हवा लागली! गार, बारीक, सुईच्या टोकाएवढी फुंकर, माझ्या मनगटावर. जॅक खाली केला की बंद, वर केला की पुन्हा. इंजिन कलल्यावर घडीतली चीर उघडत होती आणि सरळ झाल्यावर ओठ मिटावेत तशी मिटत होती. इंजिन इतकं का कलतं म्हणून खाली टॉर्च मारला तर इंजिन ज्यावर टेकतं त्या माउंटिंगचं रबर तुटून दोन तुकडे झालेलं. पाइप, माउंटिंग, दोन्ही तिथंच सापडलं. मी तशीच जमिनीवर बसून राहिले, मनगट दुसऱ्या हातात धरून. मला वाटत होतं की ती फुंकर इतकी वर्षं तिथे थांबली होती आणि तुम्ही ती आता माझ्याकडे दिलीत. जीपवाला घाबरला. "काय झालं ताई? लय मोठं हाय का?" मी म्हटलं, "नाही हो. अगदी लहान आहे. सापडलं."

पाइप नवा, माउंटिंग नवं. रिकाम्या जीपची चाचणी घेऊन काय उपयोग, म्हणून शेजारच्या दुकानांतली माणसं भरली, टायरवाला, रसवंतीवाला, बाकावरचे तिघं, मिळून अकरा जण, आणि दिंडोरी रोडच्या चढावर नेली. चढली. धूर नाही, कुंथणं नाही. सगळे मागे टाळ्या वाजवत होते आणि जीपवाला मात्र स्टिअरिंग धरून नुसता नाकाने श्वास घेत होता. पाच दिवसांनी त्याचा फोन आला. भर दुपारी. "ताई, घाटाच्या माथ्यावर हाय. भावजय मागं हाय, तिची आई हाय, सुईन हाय. जीप कुठं थांबली नाय. ऐका." आणि त्याने फोन बॉनेटजवळ धरला. मी ऐकत राहिले. संध्याकाळी पुन्हा फोन, मुलगी झाली, दवाखान्यात, खाटेवर.

ही झाली मोठी गोष्ट. तुम्ही असतात तर ऐकून "बरं झालं" म्हणाला असतात आणि माउंटिंगच्या बोल्टखाली वॉशर घातला का, ते विचारलं असतंत. घातलाय.

आता लहान. येवल्याची गाडी परत आली होती, अण्णा. दोन आठवड्यांनी. तुम्ही गावाला लग्नाला गेला होतात. पाइप फाटला होता, बरोबर खालच्या घडीत, तुम्ही बोट ठेवलं होतं तिथे. माझ्या खडूचीसुद्धा गरज पडली नाही, तुमच्या बोटाचा ग्रीसचा ठसा तिथेच होता. मी पाइप बदलला, गाडी दिली, आणि फाटलेला पाइप भंगारात अगदी तळाशी टाकला. तुम्ही परत आलात. संध्याकाळी चहा घेताना माझ्यासमोर बसून विचारलंत, "येवल्याच्या गाडीचं काय झालं?" मला खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं सांगायची हिंमत नव्हती. म्हणून मी खरंच सांगितलं, पण आवाज न करता. तुमच्याकडे बघत, नुसत्या ओठांनी म्हणाले, "आली होती. तुम्ही म्हणालात तिथंच होतं. माझं चुकलं." मला वाटलं, सांगितल्याचं पुण्यही मिळालं आणि तुम्हाला कळलंही नाही. तुम्ही मान हलवलीत आणि बशीतला चहा संपवलात. मी मनात म्हटलं, सुटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅरेज उघडलं तर माझ्या टेबलावर पेला होता. स्वच्छ पुसलेला, क्लिप आणि दाढीचा ब्रश आत ठेवलेला. तोवर तुम्ही तो कुणाला हात लावू दिला नव्हतात. मी विचारलं नाही का दिलात, आणि तुम्ही सांगितलं नाहीत.

हे पत्र घडी करून पेल्यात ठेवणार होते. पण उद्या सकाळी एक गाडी यायची आहे, पेला लागेल.